प्लॅस्टरांतलें मूल

अस्थिरोगांच्या शास्त्राला युरोपांत जें नांव मिळालें, त्याच्या पोटांत एक मूल दडलेलें आहे. निकोलास आंद्री या फ्रेंच वैद्यानें १७४१ सालीं, वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावर, एक ग्रंथ लिहिला आणि 'सरळ' व 'मूल' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला 'ऑर्थोपेडी' असें नांव दिलें. मुलांच्या शरीरांतला वांकडेपणा कसा टाळावा व आलाच तर कसा घालवावा, हा त्याचा विषय होता. आणि तो मुख्यतः लिहिला होता आईबापांसाठीं. त्यांत खुंटाला दोरीनें बांधलेल्या एका वांकड्या झाडाचें चित्र आहे. तेंच चित्र पुढें अनेक देशांतील अस्थिवैद्यांच्या संस्थांनीं आपलें बोधचिन्ह म्हणून घेतलें. मला मात्र त्या चित्रांत नेहमीं एक उणीव दिसत आली आहे. खुंट दिसतो, दोरी दिसते. परंतु ती दोरी सालींत रुतत तर नाहीं ना, हें रोज येऊन पाहणारें माणूस त्यांत नाहीं. आज मी त्या माणसाविषयीं बोलणार आहें.

श्रोतेहो, मुलांच्या अस्थिविभागांत परिचारिका म्हणून माझीं तीसांहून अधिक वर्षें गेलीं. आमच्या या शाखेची जी आद्य परिचारिका मानतात, त्या अ‍ॅग्नेस हंट बाई स्वतः लहानपणापासून खुब्याच्या दुखण्यानें अधू झालेल्या होत्या. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यांत बॅसचर्च नांवाच्या खेड्यांत त्यांनीं १९०० सालीं अपंग मुलांसाठीं एक आरोग्यगृह काढलें. मुलांच्या खाटा उघड्या पडव्यांतून मांडलेल्या असत. पुढें लिव्हरपूलचे विख्यात शल्यवैद्य रॉबर्ट जोन्स तेथें येऊन शस्त्रक्रिया करूं लागले. मोठा डॉक्टर यायचा आणि जायचा. मधले सगळे दिवस परिचारिकेचे. आपल्या घरींही हाच हिशेब आहे. पाय मोडलेल्या मुलाला डॉक्टर अर्धा तास पाहतात, आणि आई सहा आठवडे.

तेव्हां प्लॅस्टर घातलेलें मूल घरीं आल्यापासून सुरुवात करूं. ओल्या प्लॅस्टरची पट्टी वापरण्याची पद्धति हॉलंडमधील माथायसेन या लष्करी शल्यवैद्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिचा मूळ गुण आजही तोच आहे : पांच-दहा मिनिटांत ती आकार धरते, पण आंतून वाळावयास एक ते तीन दिवस लागतात. हल्लीं काचतंतूंचीं हलकीं प्लॅस्टरें निघालीं आहेत, तीं तासाभरांत पक्कीं होतात. परंतु लहान मुलांना जुनें पांढरें प्लॅस्टर अजूनही पुष्कळ ठिकाणीं घालतात. तें ओलें असतांना उचलावयाचें झालें तर पसरलेल्या तळव्यांवर उचलावें, बोटांनीं पकडूं नये. बोटाची खूण बाहेरून क्षुल्लक दिसते; आंत तीच खांच कातडीवर टोंचत राहते आणि पंधरा दिवसांनीं तेथें जखम सांपडते. खालीं कठीण फळी नको, उशी हवी. पण मेणकापडाची नको, कारण त्याखालीं वाफ कोंडते. शेगडीजवळ नेऊन वाळवण्याची युक्ति पुष्कळांना सुचते. तसें केल्यानें वरचा थर तेवढा वाळतो, आंतला ओलाच राहतो, आणि मुलाला भाजण्याची भीति असते ती निराळीच. उघड्यावर ठेवावें, वारा लागूं द्यावा, दर दोन-तीन तासांनीं कूस बदलावी; एवढें पुरे.

प्लॅस्टर वाळत असतांनाच त्याच्या आंत दुसरें कांहीं तरी चाललेलें असतें, आणि आजच्या भाषणाचें खरें कारण तेंच आहे. मोडलेल्या हाडाभोंवतीं सूज चढते. सूज चढते ती पहिल्या दोन दिवसांत, आणि प्लॅस्टर तर ताणलें जात नाहीं. मग दाब येतो तो रक्तवाहिन्यांवर व स्नायूंवर.

१९८६ सालच्या मे महिन्यांतली गोष्ट. मी नोकरींत नवीन होतें व रात्रपाळीला होतें. सात वर्षांचा एक मुलगा आंब्याच्या झाडावरून पडला होता. कोपराच्या वरचें हाड मोडलें होतें. संध्याकाळीं हाड बसवून दंडापासून पंजापर्यंत प्लॅस्टर घातलें. रात्रीं दहा वाजतां तो रडूं लागला. मीं ठरल्याप्रमाणें वेदनाशामक औषध दिलें. बारा वाजतां पुन्हां रडूं लागला. बोटें पाहिलीं, तीं थोडीं सुजलेलीं पण गुलाबी होतीं, नाडीही लागत होती. दोनच्या सुमारास तो नुसता रडेना, तर अंथरुणांत तळमळूं लागला. पाणी नको, आई नको, गोष्ट नको. 'हें काढा' एवढेंच त्याचें म्हणणें. वडील ओशाळून म्हणाले, "सिस्टर, हा मुळांतच हट्टी आहे हो." मीं ठरलेल्या वेळेआधींच दुसरी मात्रा दिली आणि कागदावर लिहून ठेवलें : मूल चिडचिडें, औषध दिलें. पहांटे तो दमून गप्प झाला, तेव्हां मला बरें वाटलें. सकाळीं डॉक्टरांनीं येऊन त्याचीं बोटें सरळ करून पाहिलीं मात्र, त्यानें अशी किंकाळी फोडली कीं ती मला अद्याप ऐकूं येते. प्लॅस्टर तत्काळ कापलें, शस्त्रक्रियाही झाली. परंतु हाताच्या पुढच्या भागांतले कांहीं स्नायु तोंपर्यंत मेले होते. हाड उत्तम जुळलें. हात मात्र मनगटांत वांकला आणि बोटें आंत वळलीं तीं वळलींच. पुढें तो डाव्या हातानें लिहावयास शिकला.

या विकृतीचें वर्णन रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यानें १८८१ सालीं करून ठेवलें आहे, आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांखालीं स्नायूंना रक्त न मिळाल्यानें ती होते, हें कारणही त्यानें सांगून ठेवलें आहे. म्हणजे मला तें ठाऊक असावयास हवें होतें. पुस्तकांतलीं लक्षणें मला ठाऊक होतींच : बोटें पांढरीं पडणें, गार होणें, बधिर होणें, नाडी न लागणें. पण तीं उशिराचीं लक्षणें आहेत. नाडी थांबेपर्यंत वाट पाहणें म्हणजे घर जळून गेल्यावर घागर शोधणें. मुलांत त्या अगोदर तीन गोष्टी दिसतात : मूल भेदरल्यासारखें होतें, तें तळमळतें, आणि वेदनाशामक औषधाची त्याची गरज तासागणिक कमी होण्याऐवजीं वाढत जाते. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. नीट बसविलेलें व नीट बांधलेलें हाड औषध दिल्यावर शांत होत गेलें पाहिजे. शांत झालेलें मूल मध्यरात्रीं अधिकच जोरानें ओरडूं लागलें, तर तो हट्ट नव्हे.

म्हणून पहिले दोन दिवस दर एक-दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, प्लॅस्टरबाहेर राहिलेलीं बोटें पाहावींत. दुसऱ्या बाजूच्या बोटांशीं ताडून पाहावींत, म्हणजे रंगांतला फरक सांवळ्या कातडीवरही कळतो. नख दाबून सोडावें : पांढरें झालेलें नख दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालें पाहिजे. मुलाला स्वतः बोटें हलवावयास सांगावें. मग आपण हलक्या हातानें एकेक बोट सरळ करून पाहावें. त्या एवढ्याशा ताणानें मोडलेल्या जागेपासून दूर, पोटरींत किंवा कोपराखालच्या मांसल भागांत असह्य कळ उठली, तर डॉक्टरांची सकाळ होण्याची वाट पाहूं नये. तान्ह्या मुलाला सांगतां येत नाहीं. तेथें पाजतांना तें तोंड फिरवतें कां आणि मांडीवर घेतल्यावरही निवत नाहीं कां, हेंच पाहावयाचें. एरवीं सूज उतरावी म्हणून हात किंवा पाय उशीवर उंच ठेवतात, तें योग्यच आहे. पण अशी शंका आली कीं तो हृदयाच्या पातळीवर आणावा, त्याहून उंच धरूं नये, आणि मुलाला जवळच्या रुग्णालयांत घेऊन जावें. तेथें प्लॅस्टर व खालचा कापूस पार कातडीपर्यंत उभा चिरतात. 'बसविलेलें हाड हलेल' म्हणून पुष्कळ घरांतून चिरण्याला विरोध होतो. हललेलें हाड पुन्हां बसवितां येतें. स्नायूला मात्र सहा तासांच्या सुमारास रक्त मिळालें नाहीं तर तो परत येत नाहीं.

हाडवैद्याच्या कामट्यांविषयीं मला विचारतात. कांहीं हाडवैद्यांच्या बोटांत कसब असतें हें मी नाकारीत नाहीं. परंतु कामट्या सुतळीनें आवळून 'सात दिवस सोडूं नका' असें सांगणें आणि मधल्या काळांत कोणी न पाहणें, हा प्रकार मुलाच्या हाताच्या जिवावर उठणारा आहे. तितकाच घातक प्रकार चोळण्याचा. ताप आहे आणि मूल एक पाय किंवा एक हात मुळींच हलवीत नाहीं, लंगोट बदलतांना किंचाळतें, अशा वेळीं 'लचकलें असेल' म्हणून तेल लावणाऱ्या बाईला बोलावतात. सांध्यांत किंवा हाडांत पू होत असतांना मुलें नेमकीं अशींच वागतात. खुब्याच्या सांध्यांत पू झाला तर थोड्याच दिवसांत सांध्याचा नाश होतो. त्या पायाला तेलाचा हात लागूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

असो. पहिले दोन-तीन दिवस सुखरूप गेले म्हणजे मग लांबचा पल्ला सुरू होतो. मांडीचें हाड मोडलेल्या लहान मुलाला छातीच्या खालपासून पायांपर्यंत, पाय फांकवून, प्लॅस्टर घालतात व तें सहा आठवड्यांच्या आसपास ठेवतात. आयांना पहिली चिंता शी-शूची वाटते, आणि ती रास्त आहे. उघड्या ठेवलेल्या जागेच्या कडेखालीं लहान घडीचा लंगोट आंत सरकवून बसवावा व त्यावरून मोठा बांधावा. कडा खरखरीत राहिल्या तर त्यांवर पाकळ्यांसारखे कापलेले चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक बसवावेत. डोक्याकडची बाजू किंचित् उंच ठेवावी, म्हणजे ओल पाठीकडे चढत नाहीं. दोन्ही पायांच्या मधें जी दांडी बसविलेली असते, ती उचलण्याची मूठ नव्हे. तिला धरून मूल उचलल्यानें प्लॅस्टर मोडलेलें मीं अनेकदां पाहिलें आहे. दिवसां दर दोन-तीन तासांनीं कूस बदलावी, रात्रींही दोनदां. पालथें घालावयाचें झाल्यास छातीखालीं उशी द्यावी. जेवण थोडें थोडें, पण वरचेवर द्यावें, कारण भरलेल्या पोटाला फुगावयास जागा नसते. पाणी व फळें भरपूर द्यावींत, नाहींतर निजून राहणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठ ठरलेलें. पोट फुगून उलट्या होऊं लागल्या तर मात्र घरगुती उपाय करीत बसूं नये.

खाज हा मोठाच छळ आहे. विणकामाची सुई, पट्टी, चमच्याचा दांडा, सगळें आंत जातें, आणि ओरखडा निघून तेथें पू होतो. तेल, पावडर हींही नकोत. आंत त्यांचे गोळे होतात. केंस वाळवण्याचें यंत्र थंड वाऱ्यावर ठेवून कडेशीं धरावें, किंवा प्लॅस्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात. मुलाला त्या टिचक्यांचाच खेळ वाटतो. जेवतांना छातीवर टॉवेल अंथरावा. प्लॅस्टर कापतांना आंतून काय काय निघतें याची यादी केली तर करमणूक होईल : चुरमुरे, पेन्सिलीचें टोंक, आजीच्या जपमाळेचा मणी, एकदां तर रुपयाचें नाणें, ज्यावरून घरांतल्या मोलकरणीवर संशय घेऊन झाला होता! पण त्याच नाण्याखालीं कातडी सोलवटलेली होती, म्हणून हसणें आवरावें लागलें. रोज एकदां प्लॅस्टरच्या दोन्ही तोंडांशीं नाक नेऊन वास घ्यावा. घामाचा वास निराळा व कुजका वास निराळा. आईच्या नाकाला तो फरक कळतो. एखाद्या ठिकाणीं प्लॅस्टर गरम लागणें, वर डाग उमटणें, पूर्वी एका जागीं दुखतें म्हणणाऱ्या मुलानें अचानक तक्रार थांबविणें, याही सूचनाच आहेत. शेवटची विशेष ध्यानांत ठेवावी, कारण कातडी मेली कीं दुखणें थांबतें.

आणि बिछान्यावर निजलेल्या मुलाला भिंतीकडे तोंड करून ठेवूं नये. त्याची खाट माणसांच्या वावरांत असावी. पायाचीं बोटें हलविणें आणि आंतल्या आंत मांडी आवळून सोडणें, हा व्यायाम डॉक्टरांनीं परवानगी दिली असेल तर दिवसांतून चार-पांच वेळां करवून घ्यावा. न वापरलेला स्नायु झपाट्यानें रोडावतो.

आतां एका वेगळ्या मुलाकडे वळूं, ज्याचें कांहीं मोडलेलें नाहीं. दर हजार बालकांत एक-दोन बालकें पावलें आंत व खालीं वळलेलीं अशीं जन्मतात. पूर्वी अशा पावलांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया करीत, आणि तीं सरळ दिसलीं तरी मोठेपणीं ताठर व दुखरीं होत. इग्नासियो पोन्सेटी हे १९१४ सालीं स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले डॉक्टर. यादवी युद्धानंतर देश सोडून ते अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांत आले आणि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं या पावलांसाठीं एक सौम्य रीति बसविली. पाऊल हातानें हळुवार वळवावयाचें, तेवढ्या स्थितींत मांडीपर्यंत प्लॅस्टर घालावयाचें, आणि आठवड्यानें तें बदलून आणखी थोडें वळवावयाचें. पांच-सहा प्लॅस्टरांत पाऊल सरळ होतें. बहुतेकांना टांचेवरची शीर एका लहानशा छेदानें सैल करावी लागते आणि मग तीन आठवड्यांचें शेवटचें प्लॅस्टर. ही रीति जगानें मनापासून स्वीकारली ती मात्र १९९० नंतर. पोन्सेटी २००९ सालीं वारले, तोंपर्यंत आपल्या इकडेही ती चांगली रुजूं लागली होती.

परंतु खरी शुश्रूषा त्या शेवटच्या प्लॅस्टरनंतर सुरू होते. मुलाला दोन बूट व त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी देतात. पहिले तीन महिने ती जवळजवळ अहोरात्र, तेवीस तास, आणि पुढें चार वर्षांचें होईपर्यंत रात्रींच्या व दुपारच्या झोपेंत. पाऊल सरळ दिसत असतांना हें करावयाचें असतें, हीच यांतली अडचण. एका सुशिक्षित घरांतली मुलगी आमच्याकडे होती. दोन्ही पावलें सुरेख झालीं. आई नेमानें बूट घाली. पण आठव्या महिन्यांत आजीला तें पाहवेना. "पोरीला बेड्या कसल्या घालतां? पाय तर चांगले झाले," असें म्हणून त्यांनीं नातीला आपल्याजवळ निजवावयास घेतलें आणि बूट कपाटांत गेले. सुनेनें सासूशीं वाद घातला नाहीं. दीड वर्षाची झाली तेव्हां मुलगी बाहेरच्या कडेवर पाऊल टेंकून चालत आली. पुन्हां प्लॅस्टरें, पुन्हां तेच बूट. सुदैवानें पावलें पुन्हां वळलीं. या वेळीं मीं बूट घालण्याचें काम मुद्दाम आजींनाच शिकविलें, आणि त्यांनीं तें चौथ्या वाढदिवसापर्यंत एकही रात्र न चुकतां केलें. आजींचा दोष काय? त्यांना कोणी समजावून सांगितलेंच नव्हतें.

त्यांना जें शिकविलें तें असें. सुती मोजा, त्याला आंत घडी नको. टांच बुटाच्या तळाशीं पक्की टेंकली पाहिजे. टांच वर राहिली तर पाऊल निसटतें आणि घांसून फोड येतो. लालसर खुणा दिसल्या तर त्यांवर तेल किंवा मलम चोळूं नये, कातडी नरम पडून अधिक सोलवटते, डॉक्टरांना दाखवावें. पहिल्या दोन-तीन रात्रीं मूल रडतें, कारण एक पाय झाडला तर दुसरा अडवतो. आपण पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वांकवावे व सरळ करावे. मुलाला युक्ति कळते आणि मग तें दोन्ही पायांनीं लाथा मारूं लागतें. पट्टीवर मऊ कापड गुंडाळावें, तें मुलासाठीं नव्हे, शेजारीं निजणाऱ्याच्या बरगड्यांसाठीं.

जातां जातां खुब्याविषयीं. जन्मतः खुबा सैल असलेल्या मुलांना पाय फांकलेले राहतील असा पट्टा बांधतात. तान्ह्या मुलाला दुपट्यांत पाय सरळ दाबून घट्ट गुंडाळण्याची जी हौस असते, ती अशा खुब्यांना बाधते. दुपटें छातीशीं घट्ट असलें तर चालेल, पायांशीं सैल हवें. याउलट मान धरल्यावर मुलाला कडेवर घेण्याची आपली जुनी चाल, ज्यांत पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना फांकलेले राहतात, ती खुब्यांना हितकारक आहे असें अस्थिवैद्य मानतात.

राहिलें प्लॅस्टर काढण्याचें. त्या करवतीचें पातें गोल फिरत नाहीं, जागच्या जागीं थरथरतें. पण आवाज इतका मोठा असतो कीं मुलाला आपला पाय कापणार असेंच वाटतें. डॉक्टर तें पातें आधीं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतात, तें मुलाला पाहूं द्यावें. आंतून जो पाय निघतो त्यानें आईसुद्धां दचकते : बारीक, खवलेदार, लवीनें भरलेला. खवले घांसून काढूं नयेत. कोमट पाण्यांत भिजवावा, सौम्य साबण लावावा, मग थोडें तेल. आठवड्याभरांत ते आपोआप निघतात. मूल लगेच चालत नाहीं, चाललें तर लंगडतें, आणि हें कांहीं आठवडे चालतें. त्याला ओढून उभें करूं नये. जमिनीवर बसवावें, जवळ भिंत किंवा बाक असावा. उभें कधीं राहावयाचें तें त्याचें तें ठरवतें. पुष्कळ मुलें त्या दिवशीं रडतात तीं दुखतें म्हणून नव्हे. शाळेंतल्या मित्रांनीं नांवें लिहिलेला प्लॅस्टरचा तो अर्धा तुकडा त्यांना घरीं न्यावयाचा असतो, आणि आपण तो कचऱ्यांत टाकूं पाहतों. धुवून, वाळवून, कागदांत गुंडाळून तो त्यांच्या हातीं द्यावा.